शेरू अंगणातच राहील

कुत्रं पाळलं की माणसाजवळ स्वतःचे किस्से उरतच नाहीत. गुडघ्यांचं, सुनांचं, बदलीचं काहीतरी बोलायला बसावं आणि दोन वाक्यांत गाडी कुत्र्यावर यावी, असं आमचं रोज होतं. आमचं म्हणजे हिंगणीच्या आमच्या गल्लीतल्या तिघांचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माझी कुत्री चिंगी. शेजारच्या वंदनाताई, त्यांचा लॅब्रेडॉर ब्रूनो. आणि समोरचे ढगे काका, धरणावरच्या नोकरीतून रिटायर झालेले, काकू गेल्यापासून एकटे. त्यांचा शेरू. संध्याकाळी फिरणं झालं की आम्ही नहराच्या पुलावर टेकतो, आणि मग काही विचारू नका.

*

शेरू आला तो केळझरहून. काका चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला गेले होते. देवळाच्या पायऱ्यांपाशी एक पिल्लू त्यांच्या पायजम्याला लोंबकळलं, ते काही केल्या सोडेना. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला प्रसादाच्या थैलीत टाकलं. एसटीत थैली मांडीवर घेऊन डोळे मिटून बसले. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि तिथंच उभा राहिला.

"काय हाये थैलीत?"

"प्रसाद."

"काका, तुमचा प्रसाद हलून राह्यला."

काकांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाले, "जागृत देवस्थान हाये."

*

घरी येताच काकांनी नियम केला. धरणाची दारं उघडण्या-मिटण्यात जन्म गेलेला माणूस, नियमाशिवाय त्याला करमत नाही. कडुलिंबाखाली साखळी बांधली आणि आम्हा दोघींना सांगितलं, "कुत्रं राखणीचं असते. ते अंगणातच शोभते. घरात आलं म्हणजे पाव्हणं झालं."

मी सांगून पाहिलं, की दिवसभर बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, आणि आपल्याकडे तर जंगल हाकेवर. बिबट गावात येतो तो कुत्र्यांसाठीच. बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट.

"मॅडम, तुमी शाळेत शिकवा," काका म्हणाले.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. रात्री शेरू भुंकला की मला झोप लागत नसे, आणि भुंकायचा थांबला की आणखीनच लागत नसे.

*

शिकवायची माझी खोड मात्र गेली नाही. चिंगीला फिरवताना मी जुना पेपर आणि एक छोटं फावडं घेऊन निघते. तिनं रस्त्यावर कार्यक्रम केला की लगेच उचलते. सुरुवातीला गाव थांबून बघायचं. एक दिवस मी अशीच वाकलेली असताना एक शेतकरी सायकलवरून उतरले. माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर इतकी कळकळ की मलाच वाईट वाटलं.

"मॅडम," ते म्हणाले, "निवडणूक झाली, जनगणना झाली. आता हेही काम मास्तरायलेच देलं काय सरकारनं?"

*

रेबीजच्या लसीचं शिबिर लागलं तेव्हा काका तयार नव्हते. "गावठी कुत्र्याले काय होते?" वंदनाताईंनी भांडून भांडून त्यांना नेलं. शेरू टेबलापाशी असा शांत उभा की जणू फोटो काढायचा आहे. डॉक्टरांनी सुई टोचली, काढली, आणि धप्पकन आवाज आला. काका खाली बसले होते. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. वंदनाताई धावत साखरपाणी घेऊन आल्या. शेरू काकांचा कान चाटत होता.

डॉक्टर सुई हातात धरून आमच्याकडे बघत म्हणाले, "मी टोचलं कोणाले?"

*

ब्रूनोची गोष्ट वेगळी. तो इतका सुटला की त्याला ओटा चढवेना. डॉक्टरांनी जेवण मोजून द्यायला सांगितलं. वंदनाताईंनी अगदी मनावर घेतलं, घरच्यांना तंबी दिली. तरी ब्रूनो फुगतच होता. त्या रडकुंडीला आल्या. थायरॉइड, आणखी काय काय, सगळं मनात येऊन गेलं.

मग एका सकाळी मी त्याच्या मागे मागे गेले. आमच्याकडे पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हे घरोघरी चालतं. आता गल्लीत मोकळा हिंडणारा कुत्रा एकच, ब्रूनो. तो एकेका दारात जाऊन बसे, नम्रपणे, आणि प्रत्येक घर हात जोडून पोळी देई. साजूक तूप लावून. माझ्याही दारात बसला, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. मीही रोज देत होते.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ब्रूनोच्या पोटावरून हात फिरवला. "आजार काईच नाई," ते म्हणाले. "तुमच्या गल्लीचं पुण्य हाये हे."

वंदनाताई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. आता ब्रूनोही पट्टा लावून फिरतो आणि ओटा चढतो.

*

हळूहळू काकाही शेरूला आमच्याबरोबर फिरवायला लागले. 'फिरवणं' म्हणायचे नाहीत, 'राउंड' म्हणायचे. शेरूचं चिडणं गेलं, भुंकणं कमी झालं. पण दिवे लागले की परत कडुलिंब आणि साखळी.

थंडी पडली आणि फॉरेस्टचा गार्ड गल्लीत सांगून गेला, बिबट फिरून राह्यला, कुत्री आत घ्या. चिंगी माझ्या स्वयंपाकघरात, ब्रूनो सोफ्यावर. मी काकांना हात जोडले.

"शेरू अंगणातच राहील," ते म्हणाले. मी चिडून बोलले, तेही चिडले. मग काका पुलावर यायचेच बंद झाले.

आणि एका सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं, तर समोर कडुलिंबाखाली साखळी नुसती पडलेली. पट्टा उघडा. नळाजवळच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले, माझ्या तळहाताएवढे.

वंदनाताई बाहेर आल्या, त्यांनी पाहिलं आणि पायरीवरच बसल्या. "कालच माहा हात चाटला वो त्यानं," म्हणून रडायला लागल्या. मला रडू येत नव्हतं, काकांचा राग येत होता, खराखुरा राग. किती वेळा सांगितलं होतं या माणसाला.

गार्डला बोलावलं. त्यानं वाकून पंजे पाहिले. "बिबटच हाये." मग तो रक्त, केस, ओढल्याची खूण शोधत कुंपणापर्यंत गेला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

काकांचं दार बंद. रोज उजाडायच्या आत उठणारा माणूस. आता मला दुसरीच भीती. मी कडी वाजवली, वंदनाताईंनी हाका मारल्या. शेवटी आतून कडी सरकली. दार वीतभर उघडलं. मफलर गुंडाळलेले काका, डोळे सुजलेले. त्यांच्या खांद्यावरून मला खाट दिसली. खाटेवर काकूंची गोधडी, आणि गोधडीबाहेर लोंबणारं एक तपकिरी शेपूट.

गार्ड आमच्या मागे येऊन उभा राहिला होता, त्याला आतलं दिसत नव्हतं. त्यानं टोपी काढली. "काका, तो तुमचा शेरू..."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल ना बाप्पा. पाव्हणं आत्ता कुठं निजलं."