खारट पापा

बसथांब्यावर शेजारच्या बाईने कडेवरच्या बाळाचा पापा घेतला आणि ओठांवरून जीभ फिरवली. उन्हातला घाम असेल, दुसरं काय. पण मला माझी भाची आठवली.

माझ्या ताईची मनू सहा महिन्यांची होती. थंडीचे दिवस होते. तिच्या कपाळाचा पापा घेऊन मी म्हणाले, "ताई, ही खारट लागते गं!"

ताई हसली. "आत्ताच मीठ-मोहरीने दृष्ट काढलीय. त्यातलंच असेल."

मीही हसले. पुढे मनूचा खोकला हटेना, खाल्लेलं अंगी लागेना, आणि ताई मूठमूठ मीठ ओवाळत राहिली.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी मनूचा घाम तपासला. सिस्टिक फायब्रोसिस. जन्मापासूनच शरीरातली मिठाची ने-आण बिघडलेली, म्हणून घाम खारट आणि आतला कफ डिंकासारखा घट्ट. तो फुप्फुसांत साचतो. पाचकरसाचीही वाट तशीच तुंबते.

"बाळ खारट लागतं, असं कुणी म्हणालं नव्हतं का?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

आता ताई रोज मनूची पाठ थोपटते. बघणाऱ्याला वाटतं, लेकीला झोपवतेय. ती कफ सोडवत असते.

बस आली तशी मी धीर करून त्या बाईला विचारलं, "बाळ नेहमीच खारट लागतं का हो?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि बाळाच्या तोंडावर पदर ओढला.

घरी गेल्या गेल्या ती मीठ ओवाळणार.