बिनवासाची पूड

नवरीच्या वेशातल्या मैथिलीच्या कानामागे लाली दिसली तेव्हा क्रांतीच्या हातातला ब्रश जागच्या जागी थांबला. मुहूर्त तोंडावर आला होता आणि कार्यालयात सनई सुरू झाली होती.

लग्न होऊन नेसरीहून कोल्हापुरात आलेली क्रांती तपभर नववधू सजवत होती. भपकेदार वास हेच उत्तम मालाचे लक्षण, अशी गिऱ्हाइकांप्रमाणे तिचीही समजूत होती. ती समजूत मैथिलीच्याच साखरपुड्यात मोडली. क्रांतीने फाउंडेशन लावले आणि संध्याकाळपर्यंत मैथिलीचे डोळे सुजून मिटले, गालांवर गांधी उठल्या. वराच्या आत्याने चारचौघांत विचारले, "मुलीला काही दुखणं आहे का?" लग्न मोडता मोडता राहिले. तपासण्या करून डॉक्टरांनी दोष सुगंधी द्रव्यांवर ठेवला.

तेव्हापासून क्रांती डब्यांवरची बारीक अक्षरे वाचू लागली. झिंक ऑक्साइड, लोहाचे रंग आणि अभ्रक यांची, फाउंडेशनऐवजी लावायची एक कोरडी पूड तिला अशीच सापडली. तिच्यात सुगंध नव्हता. पाणीही नसल्याने ती टिकवण्यासाठी वेगळी रसायने घालावी लागली नव्हती. तरी डब्यावरच्या 'खनिज' या शब्दावर तिने आंधळा विश्वास ठेवला नाही. अशा काही पुडींत चमक आणणारा बिस्मथचा क्षार असतो व त्यानेही खाज सुटते, हे कळल्यावर तिने तो टाळला. मग निवडलेली पूड मैथिलीच्या कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहिली. त्वचा निर्मळ राहिली. मैथिलीच्या आईने, सरोजिनीकाकूंनी, लग्नालाही क्रांतीलाच बोलावले. त्या विश्वासाचेच तिला भय वाटत होते.

आणि आता ही लाली.

"क्रांतीताई, मान चुरचुरतीये." मैथिलीने डोळे घट्ट मिटून घेतले. आरशात पाहण्याचे तिला धैर्य नव्हते. "परत तसंच होणार का?"

"गप बस. न्हाय व्हायचं," क्रांती म्हणाली. तिने ओल्या फडक्याने गालावरची पूड पुसली. खालचा गाल स्वच्छ होता. कपाळही. लाली मानेवरून केसांच्या कडेकडेने चढत होती, आणि तिथे तर पूड लागलीच नव्हती. तिची नजर केसांच्या स्प्रेवर खिळली. चेहऱ्याचे सारे डबे तिने बदलले होते. अंबाड्यावर मारायचा स्प्रे मात्र जुनाच, घमघमणारा. सवयीने हात त्याच्याकडेच गेला होता.

सरोजिनीकाकू आत आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई! काल हळद लावली ना, त्याचंच असेल. दे पावडर फासून, दिसणार नाही."

वाट आयती उघडली होती. हळदीवर ढकलले असते तर क्रांतीचे नाव वाचले असते. स्प्रे मात्र केसांतच राहिला असता, घामाबरोबर डोळ्यांत उतरला असता.

"हळद न्हवं, काकू." तिने स्प्रेची बाटली पुढे धरली. "माझाच स्प्रे बाधलाय. अंबाडा सोडून केस धुवाय पायजेत. आत्ताच्या आत्ता."

"वेड लागलंय का तुला? गुरुजी मुलीला घेऊन या म्हणतायत!"

"गुरुजी थांबतील की. सूज थांबायची न्हाय."

काकूंनी तिच्याकडे जळजळीत पाहिले. मग पदर खोचला, डॉक्टरांनी देऊन ठेवलेली गोळी मुलीच्या हातावर ठेवली आणि स्वतःच नळ सोडला.

मैथिली बोहल्यावर गेली ती ओल्या केसांची साधी वेणी घालून. वराच्या आत्या कुजबुजल्याच, "केस ओले कसे हो हिचे?"

"न्हाऊन आलीये," काकू म्हणाल्या. "तुमच्यात पारोशी उभी करतात की काय?"

क्रांती खांबाला टेकून उभी होती. मंगलाष्टके तिच्या कानांवर पडत होती, मनात शिरत नव्हती. ती केवळ मैथिलीच्या पापण्या पाहत होती. अंतरपाट दूर झाला. मैथिलीने मान वर केली आणि नवऱ्या मुलाकडे, शार्दूलकडे पाहिले, दोन्ही डोळे पुरते उघडून.

मांडवात टाळ्या वाजल्या. क्रांतीने हात उचलला नाही. साखरपुड्याला सूज संध्याकाळी चढली होती; आजची संध्याकाळ अजून यायची होती. पंगती उठेपर्यंत, पाहुणे पांगेपर्यंत ती त्याच खांबाशी उभी राहिली. कुणी जेवायला बोलावले तरी हलली नाही.