सुनीतीताईंचं शिफारसपत्र

मासळीवाल्या राहीबाईने आमच्या आळीत सांगून ठेवलं होतं, "ती वरची मास्तरीण हाय ना, ती मरनाच्या तारखा काढते. वय सांगलं का कागदावर मांडते. तिला वय सांगू नको गो बाय!" तेव्हापासून सुनीतीताई जिन्यावर दिसल्या की बायका पोरांना आत ओढायच्या.

तारखा-बिरखा काही नाही. आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या सुनीतीताईंना स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात विमागणितात पीएच.डी. करायची होती. लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगारांचा आयुर्विमा उतरवायचा तर हप्ता कसा ठरवावा, हा विषय. म्हणून शिफ्ट सुटताना त्या कारखान्याच्या दारात वही घेऊन उभ्या राहायच्या आणि एकेकाला वय विचारायच्या. "चालीस लिखो, मॅडम." पुढचा म्हणायचा, "मेरा भी चालीस." बत्तीसचाही चाळीस, एक्कावन्नचाही चाळीस! कोण कधी जाणार हे त्यांना कुठून कळणार? कोणत्या वयाच्या हजारातले साधारण किती, एवढंच त्या मांडत होत्या, आणि तेही चाळिशीपाशी अडत होतं.

ताईंचे आईवडील गेलेले, भावंड नाही. भिंतीपलीकडून त्यांच्या खोलीतून दोन आवाज यायचे. "हा आकडा कसा काढलात?" "सर, नमुना लहान आहे." माझ्या आईला वाटायचं, पाहुणे आलेत. मी तिसऱ्याच वाक्याला ओळखलं, दोन्ही आवाज ताईंचेच, आकडे तपासणारे सरही त्याच. दोघांचाही 'स' दातांत अडकत होता.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये अर्ज पाठवायचा होता. सोबत शिफारसपत्र हवं होतं, तुमचं काम जाणणाऱ्या माणसाचं, बंद पाकिटात. ते नसेल तर अर्ज कोणी बघणारसुद्धा नाही. ताई हेडसरांकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी पाकीट मिळालं.

पाकीट बंद, पण माझे कान उघडे. वर्गात हेडसरांची नक्कल करताना सापडले म्हणून मी त्यांच्या खोलीबाहेर उभी होते आणि सर क्लार्कला मजकूर सांगत होते. संध्याकाळी मी पोट पुढे काढून तो ताईंना जसाच्या तसा ऐकवला. "हं, लिहा. कुमारी सुनीती या शाळेत नऊ वर्षं कामाला असून, खं खं, माझ्या माहितीप्रमाणे त्यांची वर्तणूक चांगली आहे. घराणं सुसंस्कृत आहे. करा इंग्रजीत. मारा शिक्का!"

ताई खळखळून हसल्या. त्यांना तसं हसताना मी प्रथमच बघितलं. मग एकदम थांबल्या. "अगं, हा तर शाळा सोडल्याचा दाखला झाला."

पुन्हा गेल्या, पत्रात कामाबद्दल हवं म्हणाल्या. हेडसर म्हणाले, "मग तुम्हीच लिहून आणा ना. मी सही करतो. सगळे तसंच करतात."

चार दिवस कागद कोराच. "स्वतःला 'ही' कसं म्हणू गं?"

"मी सरांच्या आवाजात सांगते, तुम्ही उतरवा."

"नको. तू खोटं फार गोड बोलतेस."

पाचव्या दिवशी त्यांनी लिहिलेलं मला मराठीत सांगितलं. आधी सगळं कामाचं. शेवटी असं: 'ही एकटीच काम करते. हिचे आकडे तपासणारं इथे कोणी नाही. चुका असतील. त्या दाखवणारं माणूस मिळावं म्हणूनच ही अर्ज करते आहे.'

"बाप रे! हे वाचून हेडसर सहीच करणार नाहीत."

"वाचणार नाहीत ते."

"निदान ही शेवटची ओळ तरी वाचतीलच. सहीच्या डोक्यावर तर आहे! लागली पैज, उसाचा रस."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दारात उभी राहिले. हेडसरांनी विचारलं, "कुठे करू?" ताईंनी बोट ठेवलं. सही झाली, शिक्का बसला, कागदाची घडी पाकिटात गेली. पाकिटाची कड जिभेने ओली करून सर म्हणाले, "छान लिहिलंय हं."

पोस्टात रजिस्टर करून आम्ही रसवंतीत बसलो. पैज मी हरले होते, म्हणून दोन्ही ग्लास माझ्याकडून. "बर्फ कमी," ताई रसवाल्याला म्हणाल्या, आणि मग मला, "ही पैज मला हरायची होती गं."