तुमच्या पुढे कोण?

माझे दाजी न्हावी आहेत. दोन खुर्च्यांचे सलून, समोरासमोर आरसे, त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाचे डोके आत आत लहान होत अनंतात गेलेले दिसते. भिंतीला लागून एक लांब बाक. बाकावरच्या माणसांना दाजी नंबर देत नाहीत. नवा माणूस आला की कात्री न थांबवता विचारतात, "तुमच्या पुढे कोण?" त्याने बाकावरच्या एका डोक्याकडे बोट दाखवायचे आणि मग ते डोके नजरेत धरून ठेवायचे. ते खुर्चीवरून उठले की आपण बसायचे. आपण कितवे हे कुणालाच माहीत नसते. घाई असेल तर पुढच्याला विचारायचे. तो हो म्हणाला तर त्याच्या जागी आपण. न्यायाची इतकी साधी सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही. वाट पाहणे हाच दाजींचा धंदा, फक्त ती दुसऱ्यांनी पाहायची.

असा माणूस नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये गेला.

गाडी हवी होती ती ताईसाठी, म्हणजे दाजींच्या बायकोसाठी. आम्हा तिघा भावंडांत अक्का थोरली, मग ताई, शेवटी मी. अक्काचे यजमान चष्म्याच्या दुकानाचे मालक. ताई-दाजी पहिल्यांदा त्यांच्या नव्या घरी गेले, तेव्हा चष्मेवाल्यांनी दार उघडले आणि आधी त्यांच्या पायांकडे पाहिले. "बसने आलात? मग चपला जिन्यातच राहू द्या. बसची धूळ फरशीवर उठून दिसते." ताई चपला काढायला वाकली होती. ती तशीच सरळ झाली आणि म्हणाली, आता या दारात येईन ती स्वतःच्या गाडीत बसूनच. आली तशी जिना उतरली. त्या दिवसापासून दोघी बहिणींचा रोजचा फोन बंद पडला. दुपारी त्या वेळेला ताई फोन पुसत बसायची.

मग अक्काच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. बातमी माझ्यामार्फत ताईला कळली. ऑपरेशनच्या आधी तिला अक्काला भेटायचे होते आणि शब्दही गिळायचा नव्हता. दाजींनी टॅक्सीचे सुचवले, तर ती म्हणाली, "टॅक्सी टॅक्सीवाल्याची असते."

त्या दिवसांत साबणाच्या वडीसारखी दिसणारी एक नवी गाडी निघाली होती आणि सगळे शहर तिच्यासाठी खुळावले होते. शोरूममध्ये एकच ठेवलेली, तिलाही हात लावायचा नाही. टायवाला सेल्समन म्हणाला, वेटिंग आहे, वर्ष तरी धरून चला. दाजींनी सवयीने विचारले, माझ्या पुढे कोण? बरेच लोक आहेत, असे उत्तर मिळाले. दाजी म्हणाले, बरेच नकोत, लगेच पुढचा तेवढा दाखवा. तसे दाखवता येत नाही, असे सांगून सेल्समनने आवाज उतरवला. किंमत तीच राहील, पण लवकर हवी असेल तर वर थोडे लागेल.

"वर म्हणजे कुणाला?"

"वर म्हणजे वर."

दाजींनी वर पाहिले. छताला फुगे टांगले होते.

त्या 'थोड्या'त दुसरे सलून निघाले असते, त्यामुळे दाजी उठले. सेल्समनने त्यांना पुन्हा बसवले. वरचे जमत नसेल तर निदान पॅकेज घ्या, म्हणाला. पॅकेजवाल्यांकडे कंपनी जरा मायेने बघते. माया हा शब्द ऐकून दाजी विरघळले. सीट कव्हर, मॅट, खिडक्यांच्या जाळ्या, स्टीअरिंगचे कव्हर, लटकवायचे अत्तर, असे सगळे पॅकेज दुसऱ्याच दिवशी घरपोच आले. त्याला वेटिंग नव्हते. गाडीचे सगळे आले, गाडी तेवढी यायची राहिली.

वस्तू पडून का ठेवायच्या म्हणून सीट कव्हर घरातल्या खुर्च्यांवर चढली. मॅट न्हाणीघराच्या दारात गेल्या, जाळ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला, अत्तर संडासात. स्टीअरिंगचे कव्हर बादलीच्या काठावर अगदी मापात बसले. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे बसलं की लांब फिरून आल्यासारखं वाटतं हो, आता पट्टे तेवढे लावून घ्या. ताई हसायची नाही. हळूहळू घराची गाडी होत चालली होती आणि ते घर कुठेही जात नव्हते.

सलूनच्या प्रत्येक सुट्टीला दाजी शोरूममध्ये जाऊन तोच प्रश्न विचारत. ऑपरेशन दोन दिवसांवर आले तेव्हाही गेले. सेल्समनचे हसू तोवर झिजले होते. त्याने सोफ्यावर पाठमोऱ्या बसलेल्या एका गृहस्थाकडे बोट केले. "ते बघा. त्यांच्या मागे तुम्ही. झालं समाधान?"

दाजींचे खरेच समाधान झाले. पुढचे डोके सापडले होते. त्यांनी ते नीट पाहिले. मागच्या बाजूला दोन भोवरे, एक डावीकडे फिरणारा, एक उजवीकडे. हे डोके त्यांनी कितीतरी वर्षे कापले होते. चपलांच्या प्रकरणानंतर ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाती लागलेले दिसत होते. मानेवर पायरी पडली होती, आणि डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला बोटभर वर. दाजींची बोटे आपोआप हलू लागली.

चष्मेवाल्यांनी मान वळवली, दाजींना पाहिले, संकोचून चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचे काही दिसेना, म्हणून पुन्हा घातला. दाजी शेजारी बसले. मग एकेक बाहेर आले. अक्काचा हट्ट होता की ऑपरेशनच्या आधी आपणच जाऊन धाकटीची समजूत काढायची. पण घरची गाडी उंच, दुखऱ्या गुडघ्याने तीत चढवेना. म्हणून ही बुटकी बघितली. जुनी याच शोरूमने एक्स्चेंजमध्ये कधीच काढून घेतली, आणि नवीचा पत्ता नाही. पॅकेज मात्र आले होते. दुकानात नंबर तपासायच्या खुर्चीला त्यांनी सीट कव्हर घातले होते, आणि लोक अक्षरे वाचायच्या आधी पट्टा शोधत होते.

"मग आज इथे कसे आलात?" दाजींनी विचारले.

चष्मेवाल्यांनी काचेतल्या गाडीकडे पाहिले. मग म्हणाले, "बसने."

दाजींनी त्यांच्या बुटांकडे पाहिले.

तेवढ्यात बाजूच्या फाटकातून एक साबणाची वडी बाहेर पडली. आत कुणीतरी अनोळखी कुटुंब, सगळे दात काढून हसणारे. दाजींनी सेल्समनला विचारले, हे तर बाकावर नव्हते, मग यांच्या पुढे कोण होते? कुणीच नाही, तो म्हणाला, त्यांनी वरचे दिले. दाजी शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे मध्ये घुसणाऱ्याची अर्धीच दाढी करून उठवतो."

दोघे एकाच बसने निघाले. सुट्टी असूनही दाजींनी सलूनचे शटर वर केले, दिवा लावला, चादर झटकली आणि ओठावर बसलेलेच विचारले, "तुमच्या पुढे कोण?"

चष्मेवाल्यांनी रिकाम्या बाकाकडे पाहिले. "कुणी नाही," म्हणाले आणि खुर्चीत बसले. कल्ले सारखे झाले.

घरी येऊन दाजींनी ताईला सगळे सांगितले. अक्काच्या हट्टाचे ऐकून तिने डोळ्याला पदर लावला. पण शब्द तो शब्द. स्वतःच्या गाडीत बसून, असे ती म्हणाली होती. दाजी ज्या खुर्चीवर बसले होते तिच्याकडे पाहत राहिले. मग उठून तिचे कव्हर सोलू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. दाजींनी पुढच्या दोन जागांवर सीट कव्हर ताणून बसवली, पायाखाली मॅट अंथरल्या, खिडकीला जाळी लावली, समोरच्या दांडीला अत्तर अडकवले. संडासातले आहे हे आम्हा तिघांनाच ठाऊक. ताई हात मांडीवर ठेवून सरळ समोर बघत बसली. कंडक्टरने हा काय प्रकार म्हणून विचारले. दाजी म्हणाले, "गाडी आमचीच आहे. इंजिन तेवढं तुमचं." कंडक्टरने बराच विचार केला आणि इंजिनाचे तिकीट फाडले.

उतरताना एक कव्हर सीटला धरून बसले. ड्रायव्हर शिव्या घालेपर्यंत मी आणि दाजी ते ओढत होतो.

दार अक्कानेच उघडले, काठी टेकत. मागे चष्मेवाले उभे होते. त्यांनी खाली अजिबात पाहिले नाही, मान वर ठेवून नवे कल्ले दाखवत राहिले. अक्काने ताईकडे पाहिले, मग तिच्या काखेतल्या सीट कव्हरकडे, मग वाकून जिन्याच्या खिडकीतून रस्त्याकडे.

"गाडी कुठे लावलीस गं?"

ताई चपला न काढता उंबरा ओलांडून आत गेली.

"गेली पुढच्या स्टॉपला," ती म्हणाली.