वडिलांच्या पोटातली नळी

वडिलांचं पित्ताशय दुर्बिणीनं काढलं. पोटावर चार भोकं, बस. पण तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, कळा सुरू झाल्या. आत पित्त गळत होतं. नगरच्या डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनळीत प्लास्टिकची बारीक नळी बसवली आणि बजावलं, "दीड महिन्यानं काढायला यायचंच. राहिली तर तुंबेल, ताप भरेल, जिवावर बेतेल."

दीड महिन्यानं वडील ठणठणीत. आमच्या कडा गावातल्या हॉटेलात सदरा वर करून चारही भोकं दाखवायचे. नळीचा विषय काढला की म्हणायचे, "बोरमधी घातलेली केसिंगची नळी काढतं का रे कुनी? पानी येतंय न्हवं? मग कावून उपसायची?"

त्यांची हयात ऊसतोड कामगारांच्या चळवळीत गेलेली. मी वाचायला शिकलो तो त्यांच्या पत्रकांवर. म्हणून मीही पत्रक काढलं: 'नळी हटवा, जीव वाचवा!' मुकादमाच्या लुटीवर तुटून पडावं तसा त्या नळीवर तुटून पडलो. वडिलांनी चष्मा लावून वाचलं. "जोर लई हाय. पन तारीख, टाइम, ठिकान? लोकांनी यायचं कुटं?"

मी खाली लिहिलं: मंगळवार, सकाळी आठ, बसथांबा. आणि रागाच्या भरात झेरॉक्स काढून हॉटेलात वाटलं.

मंगळवारी वीसेक माणसं हजर! निम्म्यांनी पत्रक वाचलंच नव्हतं. वडिलांचा मोर्चा आहे एवढंच कळलेलं. एकानं झेंडाही आणला होता. वडील नुसती गर्दी बघायला आले आणि घोषणा ऐकून भाषणाला उभे राहिले. प्रस्थापितांपासून सुरुवात झाली. तेवढ्यात नगरची बस आली.

"चला, म्होरं व्हा!" त्यांचा जुना सोबती ओरडला. निघालेल्या मोर्चातून वडील कधी माघारी फिरले नव्हते. चढले. मागून पिशवी घेऊन आई आणि मी.

नळी निघाली. डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवली, अर्धीअधिक गाळानं भरलेली. "अजून थोडे दिवस, आणि उचलून आणावं लागलं असतं."

वडिलांनी उत्तराला तोंड उघडलं. घसा बधिर केलेला, नुसती घरघर आली.

आईनं खुर्ची जवळ ओढली. "आता गप ऐका," म्हणाली, आणि लग्नापासून सुरुवात केली.