ओळंब्याची नजर

माझ्या मावशीच्या नवऱ्याला सगळी गल्ली ओळंबा म्हणते. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. काकांना दोरी लागत नसे. कुणाच्या घरी गेले की चहा येण्याआधीच उठून भिंतीवरचा फोटो सरळ करायचे आणि वर सांगायचे, "खिळाच चुकलाय तुमचा." त्यांना पुन्हा बोलावणारी घरं फार नव्हती.

हीच खोड पुढे धंद्याला कामी आली. घराच्या पुढच्या खोलीत ते आणि मावशी मासे धरायच्या काठ्या बनवतात, गिऱ्हाइकाच्या हाताला बेतून. कोरी काठी बाहेरून येते. तिच्यावर मुठीपासून शेंड्यापर्यंत कड्या बसवायच्या, म्हणजे त्यांतून गळाची दोरी धावते. शेंड्याकडच्या कड्या इतक्या बारीक, की त्यांच्यापुढे शर्टाच्या बटणाचं भोक मोठं वाटावं. नोकरीसाठी मी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा अशी एक कडी माझ्या चपलेला चिकटून ऑफिसात जाऊन आली.

मला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि मावशीला हात चालू असले की बोलायला आवडतं. त्यामुळे आमचं जमलं. कडीचा काठीला टेकणारा पाय ती आधी कानशीने घासून पातळ करते. का? तर नाहीतर दोरा पायावर चढताना अडखळतो आणि फट राहते. मग ग्लूची कांडी दिव्यावर मऊ करून पायाखाली जेमतेम एक ठिपका लावायचा. कडी तेवढ्यावर तग धरते, पण नखाने सरकवताही येते. तपासणी झाली की पाय काठीला बांधणारे दोऱ्याचे वेढे, एकाला एक खेटून.

"आणि शेवटी गाठ कुठे मारतेस?"

"गाठ मारली तर फुगवटा येईल. हे बघ." शेवटच्या वेढ्यांखाली तिने दुसऱ्या दोऱ्याचा फासा आधीच ठेवला होता. टोक त्यात ओवलं, फासा ओढून काढला, आणि टोक वेढ्यांखाली गडप झालं. वरून इपॉक्सीचा हात द्यायचा आणि काठी मोटरवर हळूहळू फिरत ठेवायची, नाहीतर सगळं एका बाजूला ओघळतं. कडीचं भोक बुजलं तर सुईने मोकळं करायचं.

तपासणी मात्र काकांची. काठी मुठीकडून डोळ्याला लावायची, दुसरा डोळा मिटायचा, आणि सगळ्या कड्या एकीत एक दिसल्या पाहिजेत. ते म्हणत, "चौथी उजवीकडे घे." मावशी म्हणे, "तुमचं डोकं घ्या उजवीकडे." मग दोघांची अशी जुंपायची, की मी आपली डबा घेऊन ऑफिसला निघून जाई.

अलीकडे ही भांडणं बंद झाली. काकांनी सांगताच मावशी गुमान कडी सरकवायची, आणि ते आत गेले की दिवा लावून ती पुन्हा जागच्या जागी आणायची. हे काय गौडबंगाल आहे ते कळेना. शेवटी मी विचारलंच.

"हळू बोल," ती म्हणाली. "त्यांना सरळ रेघ वाकडी दिसते हल्ली. मध्येच लाट आल्यासारखी. परवा दाराची चौकट वाकली म्हणून सुताराला बोलावलं. त्याने मापून दाखवलं, तर हे त्यालाच म्हणतात, तुझी पट्टीच वाकडी."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब झालाय. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं जपू. हे मला एकटीला गाठून सांगितलं त्यांनी. यांना वाटतंय, नंबर वाढलाय." तिने दिवा विझवला. "खरं कळलं तर ते या कामाच्या बाकाशी पुन्हा बसणार नाहीत गं. आतल्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि मग कशालाच हात लावणार नाहीत. मला ते बघवणार नाही."

मला हे पटलं नाही, पण मी तोंड मिटून बसले. माझ्यासारखीला ते किती जड गेलं, ते मलाच माहीत.

एका सुट्टीच्या दिवशी मावशी दोरा आणायला गेली होती. काकांनी अर्धवट काठी उचलून डोळ्याला लावली आणि मला हुकूम सोडला, "तिसरी उजवीकडे घे." मी घेतली. "अजून." अजून घेतली. "आणखी थोडी."

"काका, आता ती पार काठीवरून पडेल."

"तुला काय कळतंय त्यातलं? थांब, दोरी लावूनच दाखवतो." दोरी लावून बघणं म्हणजे त्यांच्या लेखी शिकाऊ लोकांचं काम. तरी त्यांनी ती मला कड्यांमधून ओवायला दिली, दोन्ही टोकांना ताणून बांधली आणि तिच्यावरून अंगठा फिरवत नेला. तिसऱ्या कडीपाशी अंगठा थांबला. दोरी तिथे कडीच्या काठावर घासून वळली होती. त्यांनी पुन्हा डोळा लावला, पुन्हा अंगठा फिरवला. मग काठी मांडीवर ठेवली.

"हिला माहीत आहे?"

मी मान डोलावली. त्यांना दिसली की नाही कोण जाणे, म्हणून मी म्हणाले, "हो."

मला वाटलं, आता ते उठतील आणि आत जातील. पण त्यांनी दिवा मागितला आणि कडी अंगठ्याने चाचपत सरकवू लागले. दोरी काठापासून सुटेपर्यंत थांबले नाहीत.

मावशी आली. ताणलेली दोरी बघूनच काय ते समजली आणि दारातच उभी राहिली. काकांनी दोरी सोडून काठी तिच्यापुढे धरली.

"तपास."

"मी कशाला? तुम्ही बघा की."

"माझ्याशी भांडायचं सोडलंस, तेव्हाच मला कळायला हवं होतं," काका म्हणाले. "म्हातारपणी मायेने वागतेस म्हणून मी खूश होतो. आता खरं सांगायचं. मन राखायला काही बोललीस तर मी उठून आत जाईन."

मावशीने पिशवी खाली ठेवली, काठी डोळ्याला लावली. मला मनापासून वाटत होतं की तिने सरळ आहे म्हणावं, आणि तितकंच वाटत होतं की म्हणू नये. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते पुसून तिने पुन्हा बघितलं.

"तिसरी," ती म्हणाली, "केसभर डावीकडे आहे."

"अजिबात नाही," काका म्हणाले, आणि आपली खुर्ची बाकाजवळ ओढून घेतली.