पोरीला ‘ओरेआ’ म्हणायचं राहून गेलं

आमच्या खिओस बेटावर ‘ओरेओस’ हा ग्रीक शब्द मिठासारखा सगळ्यांत पडतो. छान, सुंदर, झकास, सगळं त्यातच आलं. बाईमाणसाला ‘ओरेआ’. माझा शेजारी इसिदोरस तर आपल्या गाढवीलाही ओरेआ म्हणायचा. पोटच्या पोरीला मात्र कधीच नाही.

त्याचा पहिला मुलगा दिसायला देखणा होता. ईस्टरला चर्चच्या अंगणात बायकांनी त्याला ‘ओरेओस, ओरेओस’ म्हणून डोक्यावर घेतलं, आणि त्या कौतुकात इसिदोरस दृष्ट लागू नये म्हणून ‘थू थू’ करायला विसरला. चौथ्या दिवशी मूल तापाने गेलं. पुढे मार्केला झाली, तेव्हा तो पाळण्यापाशी म्हणाला, “थू थू, काय माकडतोंडी आहे!” तान्ह्यांना आम्ही सगळेच असं म्हणतो. मूल चालायला लागलं की तसं म्हणणं सोडून देतो. याने सोडलं नाही.

लग्नाच्या दिवशी ती पांढऱ्या झग्यात त्याच्यापुढे उभी राहिली.

“बाबा, कशी दिसते मी?”

“शेळीसारखी. चल, पाद्री खोळंबलेत.”

सगळे हसले. तीही हसली. मला ते हसू मुळीच आवडलं नाही. महिन्याभरात ती नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली, ती एकतीस वर्षं फिरकली नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्याच्या ओट्यावर मस्तकीच्या झाडाच्या डिंकाचे खडे निवडत होतो. मी सहज म्हटलं, “इसिदोरस, ओरेओस हा शब्द ‘ओरा’वरून आलाय. ओरा म्हणजे वेळ. जुन्या काळी पिकल्या फळाला म्हणायचे, नेमक्या वेळेला हाती आलेल्या.”

त्याने हातातल्या खड्यावरची माती खरवडली. मग म्हणाला, “हे तुम्ही मला आता सांगताय, बाई?”

मी गावच्या शाळेतली बाई. वर्गात दरवर्षी हाच धडा शिकवत होते. तिसऱ्या बाकावर मार्केला बसायची. कुंपणापलीकडे तिच्या बापाला चार शब्द सुनावायला मात्र माझी जीभ कधी रेटली नाही. त्याची लाज अजून वाटते.

या उन्हाळ्यात मार्केला आली, तेव्हा मी त्याच्याच ओट्यावर होते. केस पिकलेले, गुडघे दुखरे. इसिदोरसने सकाळीच दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. तिने बॅग खाली ठेवली, तसा तो काठी टेकत उठला. थुंकला नाही, काही नाही.

“मार्केला,” तो म्हणाला, “तू ओरेआ आहेस. लहानपणापासून होतीस.”

 ती मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन आली.

“बाई, बाबांना भ्रम व्हायला लागलाय का हो? कधीपासून?”

“नाही गं. खरंच म्हणतायत ते.”

“तुम्ही नका सांभाळून घेऊ. मी ओळखते ना त्यांना.”

इसिदोरस दारातच उभा होता. त्याला अजून चांगलं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला शहरात डॉक्टरकडे घेऊन गेली. तो मुकाट्याने गेला.